क्रिट, फंबल आणि फाशाचं दान: बेळगावच्या टेबलावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टिळकवाडीतल्या एका घराच्या माडीवर दर शनिवारी संध्याकाळी आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ बसतो: एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होऊन खेळतात आणि लढाईत काय घडतं ते फासे ठरवतात. मी डीएम, म्हणजे डंजन मास्टर, गोष्ट चालवणारा, आणि बहुतेक वेळा चार खेळाडू. एक खानापूरहून येतो, एक उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये कामाला आहे, एक माझी वहिनी, आणि चौथा शहापूरचा मित्र, ज्याच्या घरी कन्नड बोलतात. गोष्ट मराठीत चालते, नियम इंग्रजीत वाचले जातात आणि आनंद झाला की जो तो आपल्या भाषेत ओरडतो. अलीकडं निपाणी, चिकोडी, गोकाककडच्या काही मंडळींनी आपापली टेबलं सुरू केली आहेत. त्यांचे फोन येतात आणि निम्मे प्रश्न क्रिटचे असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. वेगळं सांगितलं नसेल तिथं आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या नियमांचे आहेत.

क्रिटिकल हिट म्हणजे नेमकं काय? मी आजवर लुडो आणि पत्तेच खेळलोय.

घरी कधी कवड्यांचा पट खेळला असाल तर तुम्हाला ही गोष्ट आधीपासून माहीत आहे. चार कवड्या टाकायच्या. सगळ्या उताण्या पडल्या की चार, सगळ्या पालथ्या पडल्या की आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा टाकायला मिळतं. आमच्या आजीला आठ पडले की ती मांडी सावरून, पदर खोचून बसायची. क्रिट हे त्याच जातीचं दान. हल्ला करताना वीस बाजूंचा फासा, म्हणजे डी२०, टाकायचा. त्यात आपल्या पात्राचं कसब मिळवायचं. बेरीज समोरच्याच्या चिलखताच्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त झाली की घाव लागला. पण फाशावर खुद्द २० आला, तर चिलखत कितीही जाड असो, घाव लागतोच आणि नेहमीपेक्षा जबर लागतो. त्याला सगळे ‘नॅट ट्वेंटी’ म्हणतात. आमच्या माडीवर ‘इप्पत्तु बित्तु!’ अशी आरोळी उठते, म्हणजे ‘वीस पडला!’

जबर म्हणजे किती? पुस्तकात काय आहे?

जखमेचे फासे, म्हणजे घाव किती लागला ते ठरवणारे, दुप्पट टाकायचे आणि वरची ठरलेली भर मात्र एकदाच धरायची. दोन्ही हातांनी चालवायची मोठी तलवार घ्या, पात्राची ताकद १८. एरवीचा घाव २डी६+४, म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे टाकून वर ताकदीचे चार मिळवायचे, सरासरी ११. क्रिटला ४डी६+४, सरासरी १८. ‘रोग’ (rogue) या चोरट्या पात्राचे स्नीक अटॅकचे, म्हणजे बेसावध शत्रूवरच्या घावाचे, फासेही दुप्पट होतात, त्यामुळं त्याच्या हातून पडलेला वीस सगळ्या टेबलाला हवाहवासा असतो.

मग एवढा सरळ नियम असताना लोक घरचे नियम का काढतात?

निराशेपोटी. लाँगसोर्डचा साधा घाव १डी८+३ असेल तर त्याची सरासरी साडेसात. क्रिटला २डी८+३. आता दोन्ही फाशांची बेरीज चार किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता ६४ मध्ये ६ आहे. म्हणजे साधारण दर अकराव्या क्रिटला, सगळं टेबल उठून उभं राहिलेलं असताना, साध्या घावाच्या सरासरीहूनही कमी जखम होते. आरोळी मारलेला माणूस एकदम गप्प होतो. मी हे अनेकदा पाहिलंय आणि मला त्या खेळाडूचं वाईट वाटतं. घरच्या नियमांचा उगम या एका क्षणात आहे. तो क्षण खरा आहे, त्याला कुणी बालिश म्हणू नये.

कोणकोणते नियम चालतात?

बेरीज दुप्पट करणं सगळ्यांत जास्त चालतं, कारण समजावून सांगायला एक वाक्य पुरतं. एकदा २डी६+४ टाका आणि आलेलं उत्तर दुप्पट करा. त्या मोठ्या तलवारीला १२ ते ३२, सरासरी २२.

दुसरा ‘भरलेला फासा’. एक संच न टाकताच पूर्ण धरायचा, दुसरा टाकायचा: १२+२डी६+४. म्हणजे १८ ते २८, सरासरी २३. यात निराशा होऊच शकत नाही, म्हणून खेळाडूंना हा फार आवडतो.

तिसरा, २००८ च्या चौथ्या आवृत्तीतला: फासे टाकायचेच नाहीत, सरळ जास्तीत जास्त आकडा धरायचा. इथं १६. त्या आवृत्तीत जादूची शस्त्रं वर आणखी फासे देत असत. खेळ पटकन पुढं सरकतो. पण वीस पडल्यावर हातात फासे खुळखुळवायला मिळत नाहीत, हे मला खटकतं.

मग तक्ते. क्रिट पडला की शंभराचा फासा टाकून तक्त्यात बघायचं, कान तुटला की गुडघा निखळला. या बाबतीत रोलमास्टर या खेळाचं नाव निघतं, त्याचे शस्त्रांचे तक्ते १९८० पासूनचे. वर्णनं वाचायला मजा येते. पण आमच्या खानापूरच्या गड्याला परतीची गाडी गाठायची असते. एका संध्याकाळी चार वेळा तक्ते उलगडले की अर्धा तास गेला, आणि ज्या लढाईचा शेवट त्याला बघायचा होता ती त्याच्याशिवाय संपते. तक्ते आम्ही सहा महिन्यांत बंद केले.

सरासरीवरून भांडू नका, एवढं मात्र सांगतो. क्रिट वीस हल्ल्यांत एकदा पडतो. पुस्तकातल्या नियमानं मोठ्या तलवारीच्या प्रत्येक हल्ल्यामागं सरासरी ०.३५ जखम वाढते, बेरीज दुप्पट केली तर ०.५५, भरलेल्या फाशानं ०.६. तलवार घाव लागला की ११ देते, तिथं हा फरक कुणाला जाणवतसुद्धा नाही. फरक जाणवतो तो पुढच्या प्रश्नात.

तुमच्या टेबलावर कोणता नियम आहे, आणि तोच का?

सुरुवातीला आमच्याकडं बेरीज दुप्पट होती. कुणी फार विचार केला नव्हता. वहिनी पहिल्यांदा खेळायला बसली तेव्हा तिनं विझार्ड, म्हणजे मंत्र वापरणारा जादूगार, घेतला. आठवडाभर खपून त्याची गोष्ट लिहिली, मंत्रांची वही वेगळ्या कागदावर हातानं काढली. पहिल्या पातळीचा विझार्ड, जीव ७, म्हणजे ७ जखम झाली की कोसळणारा. मी भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुहांवरून एक गुहा बेतली होती. खऱ्या गुहांत रॉटनच्या नावानं ओळखली जाणारी दुर्मिळ वटवाघळं राहतात, माझ्या गुहेत गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, होते. पहिल्याच लढाईत एका गॉब्लिननं तिच्यावर तलवार उगारली. मी फासा सगळ्यांसमोर टाकला. वीस.

गॉब्लिनचा घाव १डी६+२. मला सहा पडले. आठ, दुप्पट सोळा. नियम असा आहे की जीव शून्यावर आल्यावर उरलेली जखम तुमच्या पूर्ण जिवाइतकी किंवा त्याहून जास्त असेल तर पात्र जागीच मरतं, वाचण्याचे फासे टाकायलाही मिळत नाहीत. सोळातून सात गेले, उरले नऊ. वहिनीनं विचारलं, “भावजी, म्हणजे मेलाच काय हो?” मी म्हणालो, “हो वहिनी.” तिनं कागद घडी करून पिशवीत ठेवला. खेळायला बसून तिला चाळीस मिनिटं झाली होती.

त्या रात्री मी गणित मांडलं. ते आधी मांडायला हवं होतं. जीव ७ असलेलं पात्र जागीच मरायला एका घावात १४ लागतात. पुस्तकातल्या नियमानं गॉब्लिनचा क्रिट २डी६+२: त्यात १४ यायला दोन्ही फाशांवर सहा हवेत, ३६ मध्ये १. भरलेल्या फाशानं ६+१डी६+२: तिथं सहा पडला की संपलं, म्हणजे ६ मध्ये १. बेरीज दुप्पट केली तर पाच पडला तरी १४, सहा पडला तर १६: ३ मध्ये १. तोच गॉब्लिन, तीच तलवार, तोच विझार्ड. नियम बदलला की जागीच मरण्याची शक्यता बारापट.

म्हणून आता आमच्याकडं पहिल्या दोन पातळ्यांवर दोन्ही बाजूंना पुस्तकातला नियम चालतो, आणि तिसऱ्या पातळीपासून दोन्ही बाजूंना भरलेला फासा. तिसऱ्या पातळीला असा विझार्ड साधारण १७ जिवाचा होतो, त्याला जागीच मारायला ३४ लागतात, ते गॉब्लिनच्या हातून होत नाही. नियम निवडताना मोठी तलवार समोर धरू नका. टेबलावरचं सगळ्यांत नाजूक पात्र घ्या आणि त्याच्यावर सगळ्यांत हलका शत्रू क्रिट मारतोय असं धरून आकडा काढा. आकडा बघूनही सगळ्यांना नियम हवाच असेल तर बिनधास्त वापरा.

राक्षसांना क्रिट देऊच नये, फक्त खेळाडूंना द्यावा. चालेल?

चालेल, आणि ही कल्पना प्रकाशकांनाही सुचली होती. २०२२ मध्ये नव्या नियमांची चाचणी झाली तेव्हा राक्षसांचा क्रिट काढून बघितला होता. पुढं तो बदल मागं घेतला गेला आणि २०२४ च्या पुस्तकात राक्षसांचा क्रिट आहे.

यामागचं कारण समजून घ्या. एक गॉब्लिन तीन-चार फेऱ्या जगतो. त्याच्यावर आयुष्यात जेमतेम दोन-चार हल्ले होतात. तुमचं पात्र मात्र वर्षभर मोहिमेत असतं, शेकडो वेळा त्याच्यावर फासे टाकले जातात. तेव्हा क्रिट जितका जबर कराल तितका तो खेळाडूंच्या अंगावर जास्त येतो, जरी तो दोघांना सारखाच लागू असला तरी. या खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सनं १९७९ च्या डंजन मास्टरच्या मार्गदर्शिकेत क्रिटच्या विरोधात हाच मुद्दा मांडला होता: दुप्पट जखमेचा नियम ठेवायचा तर दोन्ही बाजूंना ठेवावा लागेल आणि मग खेळाडूंच्या पात्रांचं आयुष्य फार कमी होईल.

मी तरी राक्षसांचा क्रिट काढत नाही. माझ्या हातातला फासा खाली पडेपर्यंत चौघंही श्वास रोखून बघतात, तो क्षण मला घालवायचा नाही.

हा नियम आला कुठून? मूळ खेळात होता ना?

नव्हता. १९७४ चा मूळ खेळ क्रिटशिवायच आला. छापील नियमांत क्रिट पहिल्यांदा आणला तो १९७५ च्या एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन या खेळानं, असं सर्वसाधारणपणे मानतात. त्यात वीस पडला की जखम दुप्पट, आणि लगेच पुन्हा टाकल्यावर १९ किंवा २० आला तर समोरचा खलास. तो लिहिणारे एम. ए. आर. बार्कर हे भाषाशास्त्राचे प्राध्यापक, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाचा अभ्यास शिकवणारे. आपल्याकडच्या भाषांत रमलेल्या माणसानं या खेळात दानावर दान आणलं, याचा मला फार आनंद वाटतो. कवड्यांच्या पटावर वाढलेल्या आम्हाला ते परकं वाटतच नाही.

१९८९ ला दुसऱ्या आवृत्तीत क्रिट ऐच्छिक म्हणून आला आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत पक्का बसला. पण तिसऱ्या आवृत्तीत एक अट होती: वीस पडल्यावर पुन्हा एकदा हल्ल्याचा फासा टाकायचा, आणि तोही लागला तरच क्रिट. आता बरेच जण या अटीला नाकं मुरडतात. मला ती न्याय्य वाटते. एखाद्या दुबळ्या शत्रूला तुमच्या चिलखतावर फक्त वीस पडला तरच घाव घालता येत असेल, तर आजच्या नियमानं त्याचा लागलेला प्रत्येक घाव क्रिट असतो. दुसरा फासा टाकायला लावला की तसं होत नाही. वेळ मात्र लागतो.

एक पडला की फंबल ठेवावा का? तलवार हातातून निसटणं, मित्रालाच घाव लागणं वगैरे?

नाही. या प्रश्नावर मी ठाम आहे.

पुस्तकात हल्ल्याला १ पडला तर घाव चुकतो, बस्स. त्यापुढचं सगळं आपण लावलेलं. आता हिशोब बघा. फायटरला, म्हणजे शस्त्रानं लढणाऱ्या पात्राला, पहिल्या पातळीवर एक हल्ला, पाचव्यापासून दोन, अकराव्यापासून तीन, विसाव्याला चार. एका फेरीत निदान एकदा १ पडण्याची शक्यता एका हल्ल्याला ५ टक्के, दोनांना ९.७५, तीनांना १४.३, चारांना १८.५ टक्के. म्हणजे माणूस जितका पारंगत, तितकी त्याच्या हातून तलवार जास्त वेळा निसटणार.

आपल्याकडं उसाच्या फडात तोडकरी बघितलाय ना? नवखा पोरगा कोयत्याचा एक घाव घालतो तेवढ्यात हात बसलेला तोडकरी चार घालतो. फंबलचा नियम म्हणतो की तो जुना तोडकरी दर फेरीला नवख्यापेक्षा जवळजवळ चौपट वेळा आपलाच पाय कापून घेईल. असं होत असतं तर एकही फड तुटला नसता.

त्यात आणखी एक अन्याय आहे. फायरबॉल टाकणारा विझार्ड हल्ल्याचा फासा टाकतच नाही, समोरचे बचावाचे फासे टाकतात. त्याला फंबल कधी होतच नाही. सगळा भार अंगानं लढणाऱ्यावर. आमच्या उद्यमबागेच्या गड्यानं एका रात्रीत तीनदा स्वतःचंच शस्त्र गमावलं आणि पुढच्या वेळी फायटर सोडून वॉरलॉक हा जादूवाला घेतो म्हणाला. त्याला फायटरच आवडतो, हे मला माहीत होतं. आम्ही नियम सोडला, त्याला फायटर सोडू दिला नाही.

टेबलाला गंमत हवीच असेल तर एक पडल्यावर फक्त वर्णन करा: पाय घसरला, घाम डोळ्यांत गेला. आकडे नकोत. किंवा फेरीतल्या पहिल्या हल्ल्यालाच फंबल धरा, म्हणजे निदान कसब वाढल्याची शिक्षा होत नाही.

कौशल्याच्या फाशाला वीस पडला की काहीही जमतं ना?

पुस्तकाप्रमाणे नाही. क्रिट फक्त हल्ल्याला. राजाकडं जाऊन ‘राज्य माझ्या नावावर कर’ म्हणालात आणि वीस पडला, तर राजा हसून तुम्हाला जेवायला बसवेल, राज्य देणार नाही. वीस पडूनही जे जमणार नाही त्याला डीएमनं फासा टाकायलाच सांगू नये. हे माझ्याकडून बरेचदा चुकलंय आणि दर वेळी खेळाडूचा विरस झालाय.

एक अपवाद लक्षात ठेवा. जीव शून्यावर असताना वाचण्याचा फासा टाकला आणि २० आला तर पात्र एका जिवानं शुद्धीवर येतं. १ आला तर दोन अपयशं धरतात.

मला वीस पडतच नाही. तीन शनिवार झाले. हे कसं शक्य आहे?

अगदी शक्य आहे. आमच्या टेबलावर एका संध्याकाळी प्रत्येकाच्या वाट्याला डी२० साधारण पंधरा वेळा येतो. पंधरा वेळांत एकदाही वीस न येण्याची शक्यता ४६ टक्के. चार खेळाडूंमध्ये साधारण दोघं दर शनिवारी कोरडे घरी जातात. दोन शनिवार सलग कोरडे जाण्याची शक्यता साडेएकवीस टक्के, तीन शनिवारांची जवळपास दहा. म्हणजे दहा खेळाडूंपैकी सरासरी एकाचं असं होतं, आणि या वेळी तो तुम्ही आहात. वीस पडण्याची शक्यता निम्म्यावर जायलाच चौदा वेळा टाकावं लागतं.

‘इतके दिवस पडला नाही म्हणजे आता पडेलच’ हे मात्र खरं नाही. फाशाला मागचं काही आठवत नाही. पुढच्या वेळीही वीसात एकच. ॲडव्हान्टेज मिळवा, म्हणजे दोन फासे टाकून मोठा धरायचा. मग शक्यता ९.७५ टक्के होते, जवळजवळ दुप्पट. लपून हल्ला करा, पडलेल्या शत्रूवर जवळून तुटून पडा, मित्राची मदत मागा. उलट डिसॲडव्हान्टेज असेल तर दोन्ही फाशांवर वीस लागतो, चारशेत एकदा.

सलग तीन वीस पडले की शत्रू जागीच मरतो, असा नियमही काही जण ठेवतात. त्याची शक्यता आठ हजारात एक. ठेवायचा तर ठेवा, पण तो राक्षसांनाही लागू आहे का, हे आधी ठरवा.

माझा फासाच खोटा आहे असं वाटतं. तपासायचं कसं?

तीन उपाय आहेत. पहिला मिठाच्या पाण्याचा. पेल्यात कोमट पाणी घ्या, मीठ विरघळेल तेवढं घाला आणि फासा सोडा. तरंगला तर बोटानं टिचकी मारून फिरवा. दर वेळी तोच आकडा वर येत असेल तर आत एका बाजूला पोकळी आहे. काही फासे जड असतात ते तरंगतच नाहीत, धातूचे आणि दगडाचे तर सोडूनच द्या.

दुसरा उपाय आमच्या उद्यमबागेच्या मित्रानं दाखवला. तो क्रँकशाफ्ट मोजणाऱ्या हातांनी व्हर्नियर कॅलिपर घेऊन आला आणि डी२० च्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर मोजलं. वीस बाजू म्हणजे दहा मापं. चांगल्या फाशात ती सारखी यायला हवीत. आमच्या एका स्वस्त फाशात फरक नुसत्या डोळ्यांनीही दिसण्याइतका निघाला. रंग भरून झाल्यावर फासे यंत्रात घोळवून गुळगुळीत करतात, त्यात कडा कमी-जास्त झिजतात. ज्या दिशेनं फासा चपटा, त्या दिशेच्या दोन बाजूंवर तो जास्त बसतो. मिठाच्या पाण्यात हे दिसत नाही.

तिसरा उपाय कष्टाचा पण खरा: दोनशे वेळा टाका आणि लिहून ठेवा. प्रत्येक आकडा दहादा अपेक्षित. प्रत्येक आकड्यासाठी दहापासूनचा फरक काढा, त्याचा वर्ग करा, दहानं भागा, वीसही उत्तरांची बेरीज करा. बेरीज ३०.१४ च्या वर गेली तर संशयाला जागा आहे. पण सच्चा फासाही वीसात एकदा ती रेषा ओलांडतो, तेव्हा एकदा वर गेली म्हणून लगेच फेकू नका. पुन्हा दोनशे टाका. पावसाळ्यात लाइट गेली की आम्ही मेणबत्तीच्या उजेडात हेच करत बसतो. एक जण टाकतो, एक जण लिहितो.

कार्डांच्या खेळासोबत मिळालेला वीस बाजूंचा फासा चालेल का?

नको. त्यावर आकडे ओळीनं, शेजारी शेजारी असतात, कारण तो गुण मोजायला केलेला असतो. मोठे आकडे सगळे एका अंगाला येतात. फासा जरा एकांगी असला किंवा टाकणाऱ्याचा हात सफाईदार असला की फरक पडतो. खेळायच्या डी२० वर आकडे विखुरलेले असतात आणि समोरासमोरच्या बाजूंची बेरीज २१ येते. उलटून बघा, लगेच कळेल.

फासेच नाहीत. बेळगावात शोधले, मिळाले नाहीत.

मोबाइलवर फासे टाकायची ॲप आहेत, त्यावर सुरू करा. नाहीतर १ ते २० लिहिलेल्या चिठ्ठ्या डब्यात घाला. काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकून हलवायची, हे महत्त्वाचं. परत टाकली नाही तर वीस चिठ्ठ्यांत वीस एकदा येणारच, आणि कुठल्या चिठ्ठ्या गेल्या हे लक्षात ठेवणारा खेळाडू जिंकतो. नल राजाची गोष्ट आठवते का? ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं नजरेनं मोजून सांगतो, आणि तीच मोजणीची विद्या फाशांची विद्या म्हणून नलाला देतो. चिठ्ठ्या परत न टाकण्याच्या खेळात ऋतुपर्णाचा हात कुणी धरणार नाही. पण कधीच वीस न बघणाऱ्या खेळाडूंना हाच प्रकार आवडतो. वीस हमखास येतो, कधी येईल एवढंच माहीत नसतं. लहान मुलांसोबत खेळताना मी मुद्दाम हेच वापरतो.

फाशावर फुंकर मारणं, तो देवापुढं ठेवणं, दुसऱ्याला हात लावू न देणं… याला काही अर्थ आहे का?

फाशाच्या दृष्टीनं नाही. माणसाच्या दृष्टीनं खूप आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं अक्षसूक्त बेहड्याच्या फळांच्या फाशांनी वेडावलेल्या जुगाऱ्याचं आहे. त्यात फासे त्याला जिवंत वाटतात, हात नसूनही हात असलेल्याला हरवणारे. एवढ्या जुन्या काळापासून माणूस फाशाशी बोलत आला आहे. वहिनी तिचा निळा डी२० खेळाआधी वीस वर करून ठेवते, जेणेकरून त्याला सवय लागावी. मी कधीही तिला टोकलेलं नाही. दुसऱ्याच्या फाशाला विचारल्याशिवाय हात लावू नये, हाही आमच्याकडं न लिहिलेला नियम आहे.

फासा पुस्तकाला टेकून तिरपा राहिला किंवा खाली पडला तर?

पुन्हा टाका. आकडा बघायच्या आधीच हे ठरलेलं असू द्या.

डीएमनं पडद्यामागं फासे टाकावेत का? क्रिट जास्त झाला तर गुपचूप कमी करता येतो.

मी उघड्यावर टाकतो. वहिनीचा विझार्ड गेला त्या रात्री पडदा असता तर मी नक्की सहा लपवून दोन सांगितले असते, आणि तिला कधी कळलंही नसतं. मग नियम चुकीचा आहे हे मलाही कळलं नसतं. त्यापुढचा प्रत्येक विझार्ड माझ्या दयेवर जगला असता. पण नव्या डीएमनं पडदा वापरला तर मी त्याला दोष देणार नाही. आकड्यांचा अंदाज यायला वेळ लागतो.

एखाद्याचं नशीब रात्रभर रुसलेलं असेल तर डीएमनं काय करावं?

फासे सोडून बाकी सगळं तुमच्या हातात आहे. त्याला असं काम द्या ज्याला फासा लागत नाही: फक्त त्याच्या पात्रालाच समजणारी भाषा, त्याच्याच गावचा ओळखीचा माणूस, त्याच्या नावानं आलेलं पत्र. इन्स्पिरेशन, म्हणजे एकदा वापरायचं ॲडव्हान्टेज, द्यायला हात आखडू नका. हाफलिंग या बुटक्या जातीच्या पात्राला १ पडला की पुन्हा टाकायला मिळतं, लकी हा फीट, म्हणजे खास गुण, घेतला की दिवसाकाठी तीन वेळा आणखी एक डी२० टाकता येतो. सतत कोरडं राहणाऱ्या खेळाडूला पुढच्या पात्राच्या वेळी हे आठवण करून द्या. आणि इतरांनी त्याला ‘आज तू टाकू नकोस रे’ म्हणणं पहिल्याच वेळी थांबवा. थट्टेनं म्हटलेलं असतं, पण तिसऱ्यांदा ऐकल्यावर माणूस यायचं बंद करतो.

पाथफाइंडरमध्ये हेच नियम लागतात का?

नाही. पाथफाइंडर हा याच धर्तीचा वेगळा खेळ, त्याच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत लक्ष्याच्या आकड्यापेक्षा दहा जास्त आले की क्रिट, आणि वीस पडला की निकाल एक पायरी वर सरकतो. जखम सगळी दुप्पट, वरच्या भरीसकट. तिथं पारंगत माणूस खरोखरच जास्त क्रिट मारतो, नुसता दानावर अवलंबून नसतो. त्या खेळावर आमचे घरचे नियम लादू नका, सगळा तोल बिघडतो.

मोहिमेच्या मधेच नियम बदलला तर? तुम्ही वहिनीच्या विझार्डला परत आणलंत का?

नियम बदलायचा तर दोन सत्रांच्या मधे, सगळ्यांना विचारून. फासा टेबलावर असताना कधीच नाही. मेलेल्यांचं काय, हा प्रश्न आमच्यापुढंही आला. मी पुढच्या शनिवारी वहिनीला गणित दाखवलं आणि विझार्ड परत आणूया म्हणालो. ती म्हणाली, “नको भावजी, तो मेलाय. पण त्याची वही त्या गुहेतच राहिली की.” तिनं विझार्डची धाकटी बहीण घेतली, देवळात वाढलेली क्लेरिक, म्हणजे देवाकडून मंत्र मिळणारी, भावाची वही शोधायला निघालेली. ती गुहा पुन्हा यायला आठ शनिवार गेले. तोवर सगळे तिसऱ्या पातळीवर पोचले होते. शेवटच्या गॉब्लिनवर तिनंच फासा टाकला आणि निळ्या डी२० वर वीस आला. भरलेला फासा मोजायचीही कुणाला गरज वाटली नाही. वही मिळाली. क्लेरिक असल्यामुळं तिला त्यातला एकही मंत्र वाचून वापरता येत नाही. तरी तिच्या सामानाच्या यादीत पहिल्या ओळीवर ती वही आहे, दोरी आणि मशालींच्या वर.